सिंधूची अखेरची जबानी : 'एकच प्याला'तील परावलंबन आणि असत्य

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. गडकऱ्यांचे निधन त्याच वर्षी २३ जानेवारीस सावनेर येथे झाले होते. नाटककाराच्या मृत्यूला पुरता महिनाही लोटला नव्हता, आणि नाटकातील पदेही त्याच्या हातून लिहून व्हायची राहिली होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी पुरी केली. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांनी या नाटकाला जे स्थान मिळवून दिले ते सर्वपरिचित आहे. तेव्हापासून आजतागायत या नाटकाविषयीची चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत आलेली आहे. सुधाकरासारखा बुद्धिमान आणि मानी पुरुष न्यायालयातील एका अपमानाने दारूच्या आहारी जातो, हे कारण पुरेसे आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि सिंधू ही पातिव्रत्याचा आदर्श मानावी की पुरुषी कल्पनेने घडविलेली सोशीक बाहुली, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, आणि तो तितका महत्त्वाचाही नाही. मद्यासक्तीला पुरेसे कारण लागतेच असे नाही, हे गडकऱ्यांना टीकाकारांपेक्षा अधिक कळले होते, एवढे म्हणून तो बाजूला ठेवता येईल. दुसरा प्रश्न मात्र वर्गात पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकविले जात असताना कोणी ना कोणी विद्यार्थिनी विचारतेच, की सिंधू घर सोडून का जात नाही? या प्रश्नाला 'तो काळच तसा होता' हे एक उत्तर असते आणि 'ती पतिव्रता होती' हे दुसरे. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत, पण दोन्ही प्रश्न मिटवून टाकणारी आहेत. कारण दोन्हींत सुधाकर आणि सिंधू यांच्यामधला व्यवहार नेमका कसा चालतो, कोण कोणाला काय सांगतो, काय लपवितो आणि त्या सांगण्या-लपविण्यावर दोघांचे काय अवलंबून असते, याकडे पाहिलेच जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा व्यवहार आहे.

या व्यवहाराला मानसशास्त्राच्या परिभाषेत अलीकडे एक नाव मिळालेले आहे, आणि ते नाव मद्यासक्तीच्याच क्षेत्रातून आलेले असल्यामुळे 'एकच प्याला'च्या संदर्भात त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही मद्यासक्तांची परस्परसाहाय्य चळवळ सुरू झाली. मद्यासक्ताच्या घरच्या माणसांना, विशेषतः पत्नीला, स्वतंत्र आधाराची गरज आहे हे ध्यानात येऊन १९५१ साली अल-ॲनॉन हे त्यांचे निराळे संघटन उभे राहिले. पुढे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना असे दिसू लागले की, व्यसनी माणूस जसा दारूवर अवलंबून असतो तसे त्याच्या निकटचे माणूस त्याला सांभाळण्यावर अवलंबून होऊन बसते. ते त्याच्या चुका झाकते, त्याच्या वतीने खोटे बोलते, त्याच्या वाट्याचे परिणाम आपल्या अंगावर घेते आणि अशा रीतीने त्याचे व्यसन चालू राहण्याची सोय नकळत करीत राहते. या अवस्थेला कोडिपेंडन्सी म्हटले जाऊ लागले. मेलडी बीटी यांच्या १९८६ सालच्या पुस्तकाने हा शब्द घरोघर पोहोचविला. मराठीत त्याला 'सहपरावलंबन' म्हणता येईल. शब्द जड आहे, पण 'परस्परावलंबन' म्हटले तर निरोगी नात्यातील देवाणघेवाणही त्यात येते, आणि येथे ती अभिप्रेत नाही. योगायोग असा की त्याच १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी तेथे चालणाऱ्या गटाचे नाव 'सहचरी' आहे. सिंधूच्या वाट्याला असा एखादा गट आला असता तर नाटकच झाले नसते, असे कोणी गमतीने म्हणेल. परंतु त्या गमतीत एक गंभीर मुद्दा दडलेला आहे, त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

सहपरावलंबनाची कल्पना सामान्यतः पत्नीच्या वर्तनाला लावली जाते. 'एकच प्याला' बारकाईने वाचल्यास मात्र आरंभ सुधाकराच्या परावलंबनापासून करावा लागतो, आणि हे परावलंबन दारूच्या आधीचे आहे. सुधाकर स्वकर्तृत्वाने वर आलेला वकील आहे, त्याचे सासर संपन्न आहे. आपण कोणाचे मिंधे नाही, ही त्याची स्वतःविषयीची मुख्य धारणा आहे. अशा माणसाला आपल्या मोठेपणाचा एक कायमचा साक्षीदार लागतो, आणि ते काम सिंधू करीत असते. ती त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहते त्या दृष्टीत तो स्वतःला पाहतो. न्यायालयात अपमान होऊन काही काळासाठी सनद जाते, तेव्हा बाहेरच्या जगाने दिलेली ही ओळख पुसली जाते. घरातली मात्र शाबूत असते. उलट, घरातली शाबूत आहे म्हणूनच ती अधिक बोचते. झोप लागावी म्हणून तळीराम पुढे करतो तो पहिला प्याला अपमानाच्या आठवणीवर उतारा म्हणून घेतला जातो हे खरे. पण सिंधूच्या डोळ्यांत आपण जे आहोत ते आता आपण नाही, या जाणिवेवरचाही तो उतारा आहे.

तळीरामाला सुधाकराचा इयागो म्हणण्याची एक सैल प्रथा आहे. ती मान्य होण्यासारखी नाही. इयागो स्वतः कोरडा राहून दुसऱ्याला बुडवितो. तळीराम सुधाकराला ज्या पाण्यात ओढतो त्यात तो स्वतः गळ्यापर्यंत बुडालेला आहे आणि त्यातच मरतो. आर्यमदिरामंडळातील त्याचे विनोद वाचताना हसू येते ते याच कारणाने विरत जाते. खोटेपणा करायचा म्हणून तो खोटे बोलत नाही. 'फक्त एकच' हे वाक्य तो प्रथम स्वतःला सांगत आलेला आहे. नाटकाचे शीर्षक हेच मुळी एका असत्याचे नाव आहे, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. एकच प्याला असे काही नसते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'मूकनायका'त मद्यपाननिषेधाचा विषय यापूर्वी येऊन गेलेला होता, परंतु व्यसनाचे मूळ असे एका वाक्यातील आत्मवंचनेत शोधण्याचे काम गडकऱ्यांनीच केले. सुधाकर रामलालपुढे दारूबाजाच्या अवस्थांचे जे विवरण करतो त्यात तर आत्मवंचनेचा कळस आहे. स्वतःच्या विनाशाचे इतके नेमके निदान करणारा माणूस सुटायला हवा होता. पण निदान हाच त्याचा नवा आसरा होतो. आपल्याला सगळे कळते, या समाधानात तो पुढचा प्याला भरतो. वकिली बुद्धी आता स्वतःविरुद्धचा खटला चालवू लागते आणि त्यातही जिंकते.

या पार्श्वभूमीवर सुधाकराने सिंधूला घातलेली अट पाहावी. बंधू पद्माकर आणि स्नेही रामलाल तिला या घरातून सोडवू पाहतात. तिला माहेरी जाता येते, माहेरची मदत घेता येते. सुधाकर तिला माहेरच्या मदतीपासून तोडतो आणि ती ते स्वीकारते. परिणामी सधन घरातली ही मुलगी लोकांची दळणे दळून आपले व तान्ह्या मुलाचे पोट भरू लागते. रूढ समीक्षेने या भागाकडे सुधाकराची क्रूरता आणि सिंधूची निष्ठा अशा दोन टोकांतून पाहिले आहे. वस्तुतः या अटीत दोघांचेही काहीतरी साधते. माहेरचा दाणा घरात आला तर सुधाकर कमावता नाही हे उघड होईल. सिंधू उपाशी राहिली तर ते झाकलेले राहील. तिची उपासमार ही त्याच्या स्वाभिमानाची पोटगी आहे. आणि सिंधूचे? सुधाकर पूर्वीचाच आहे, मध्ये एक वाईट काळ आला आहे इतकेच, या विश्वासावर तिचे सारे आयुष्य उभे आहे. माहेरी जाणे म्हणजे तो विश्वास खोटा होता असे कबूल करणे. तेव्हा दळणाच्या जात्यावर दोन असत्ये एकत्र दळली जात आहेत: मी अजून घराचा धनी आहे, हे त्याचे, आणि तो अजून तोच आहे, हे तिचे. कोणी एकाने आपले असत्य सोडले तर दुसऱ्याचे कोसळेल, अशी ही बांधणी आहे.

मध्यंतरी सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तो भाग या दृष्टीने विशेष बोलका आहे. निश्चय खरा आहे यात शंका नाही. पण तो काम मागण्यासाठी बाहेर पडतो आणि जुन्या परिचितांकडून अवहेलना पदरी घेऊन परततो, तेव्हा त्याला घरी येऊन 'आज काही जमले नाही' असे सांगणे शक्य होत नाही. सामान्य माणसाला जे वाक्य सहज उच्चारता आले असते ते सुधाकराला प्याल्याहून कडू वाटते. त्या घरात अपयशाला जागाच ठेवलेली नाही. सिंधूची अढळ श्रद्धा येथे आधाराऐवजी ओझे होते, आणि हे ओझे तिने अत्यंत प्रेमाने त्याच्या खांद्यावर ठेवलेले असते. असे म्हणण्यात सिंधूवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. प्रेमाचा एक प्रकार असा असतो की तो समोरच्याला सामान्य होऊ देत नाही, एवढेच गडकऱ्यांनी येथे दाखविले आहे. कदाचित त्यांना स्वतःला ते दाखवावयाचे नसतानाही.

कारण गडकऱ्यांची भाषा सिंधूच्या बाजूने इतकी उचंबळून येते की तिच्या वर्तनाकडे निर्लेप दृष्टीने पाहणे प्रेक्षकाला अशक्य व्हावे. त्यात बालगंधर्वांच्या गाण्याची भर. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेल्या या नटाने दारिद्र्यातील सिंधूसाठी ठिगळे लावलेले लुगडे नेसावे, याचे त्या काळी केवढे अप्रूप झाले, हे नाट्येतिहासात नमूद आहे. ते अप्रूपही तपासून पाहण्यासारखे आहे. ठिगळाचे लुगडे सुंदर दिसले, दळणे मधुर झाले, उपास गाण्यात न्हाऊन निघाला. पुरुष नाटककाराने लिहिलेली, पुरुष पदकाराने गायला लावलेली आणि पुरुष नटाने साकारलेली ही पत्नी. तिच्या सहनशीलतेचे सौंदर्य ज्यांनी घडविले त्यांपैकी कोणालाही ती सहनशीलता घरी जाऊन पाळावयाची नव्हती. हा आक्षेप स्त्रीवादी समीक्षेने घेतलेलाच आहे, आणि तो रास्त आहे. तथापि तेवढ्यावर थांबले की संहितेत जे गुंतागुंतीचे आहे ते पुन्हा हातून निसटते. बाहुली खोटे बोलत नाही. सिंधू बोलते.

तिच्या खोटेपणाचा अत्युच्च क्षण म्हणजे शेवटच्या अंकातील जबानी. नशेतल्या सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू मरणोन्मुख होते. पोलिस अधिकारी जबानी घेण्यासाठी येतो आणि सिंधू पतीवरचा आळ टाळण्यासाठी खोटी हकीकत सांगते. सुधाकरही विष मिसळलेल्या प्याल्याने आपला शेवट करून घेतो, म्हणजे ज्याला वाचविण्यासाठी ही जबानी दिली तो वाचतही नाही. प्रेक्षागृहात या प्रसंगी रडू आवरत नसे. सिंधूच्या पातिव्रत्याचा हा परमोत्कर्ष मानला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच शिकविला गेला.

या प्रसंगातील कायद्याचा धागा मात्र सहसा कोणी उकललेला नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमान्वये मृत्युपूर्व जबानीला पुराव्यात विशेष स्थान होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. या स्थानामागील गृहीत असे, की मरणाच्या दारात उभे असलेले माणूस असत्य बोलणार नाही. शपथ नाही, उलटतपासणी नाही, तरीही कायदा त्या शब्दांवर विश्वास ठेवतो. सुधाकर वकील आहे. त्याच्या अधःपाताची सुरुवात न्यायालयात झाली आणि त्याच्या संसाराचा शेवटही कायद्याच्या एका प्रतिनिधीसमोर होतो. मधल्या काळात कायद्याने या बाईला काहीच दिलेले नाही. आणि शेवटी ती कायद्याच्या ठायी असलेला सर्वांत मोठा विश्वास घेते व तो ज्याने तिला मारले त्याच्या संरक्षणासाठी खर्च करते. गडकऱ्यांनी ही विसंगती जाणीवपूर्वक योजली असेल वा नसेल. ती संहितेत आहे.

मरणशय्येवरील या असत्याला एक प्रख्यात पूर्वज आहे. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत डेस्डिमोनाचा गळा दाबला गेल्यावरही तिच्यात क्षणभर जीव येतो, आणि हे कोणी केले असे विचारताच ती दोष स्वतःवर घेते. ऑथेल्लो मराठी रंगभूमीवर देवलांच्या 'झुंझारराव'मुळे १८९० पासून परिचित होता, आणि गडकरी शेक्सपिअरचे किती चाहते होते हे सांगावयास नको. तेव्हा सिंधूच्या जबानीमागे डेस्डिमोनाची सावली आहे असे म्हणणे धाडसाचे होणार नाही. परंतु दोन्ही प्रसंगांच्या रचनेतील फरक अधिक उद्बोधक आहे. शेक्सपिअर डेस्डिमोनाचे असत्य टिकू देत नाही. प्रथम ऑथेल्लो स्वतःच ते फेटाळतो आणि खून आपण केल्याचे ओरडून सांगतो. नंतर एमिलिया उभी राहते, आपल्या नवऱ्याविरुद्ध बोलते, आणि त्या बोलण्याची किंमत प्राणाने देते. म्हणजे एका स्त्रीच्या प्रेमळ असत्याला दुसऱ्या स्त्रीच्या कठोर सत्याने लगेच उत्तर मिळते, आणि शोकांतिकेतील न्याय त्या उत्तरातून निष्पन्न होतो. 'एकच प्याला'त एमिलियाच्या धातूची स्त्री आहे, ती म्हणजे तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याला तोंडावर बोलते, त्याच्या व्यसनाला देवाची इच्छा मानत नाही, तिच्या बोलण्याला रस्त्यावरच्या भांडणाचा ठसका आहे. सिंधूच्या गाण्यासमोर गीतेचे बोलणे ठेवून पाहिले की गडकऱ्यांना पत्नीत्वाचा दुसरा सूर ऐकू येत होता याविषयी संशय राहत नाही. शेवटच्या प्रसंगाचा भार मात्र त्यांनी गीतेवर टाकलेला नाही. तिला त्यांनी विनोदाच्या बाजूला ठेवले, आणि मराठी प्रेक्षकानेही तिला तेथेच राहू दिले. गीतेवर स्वतंत्र अभ्यास होणे आवश्यक आहे.

येथे सहपरावलंबनाच्या संकल्पनेची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता हा शब्द वर्गात नेला तर तो सिंधूवर नव्याने अन्याय करील. ही कल्पना ज्या समाजात जन्मली तेथील पत्नीजवळ दाराबाहेर पडण्याची निदान कायदेशीर शक्यता होती. 'तू का राहतेस?' या प्रश्नाला म्हणूनच मानसशास्त्रीय उत्तर शोधता येत होते. मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणानेही तिला स्वतंत्र विकार म्हणून कधी मान्यता दिलेली नाही, आणि स्त्रियांच्या परिस्थितीला स्त्रियांचा दोष ठरविण्याची सोय त्यात आहे, अशी टीका तिच्यावर पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनीच केलेली आहे. सिंधूची स्थिती काय होती? १९१९ साली मुंबई इलाख्यातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला घटस्फोट उपलब्ध नव्हता. रखमाबाईंच्या खटल्यात १८८७ साली न्यायालयाने दिलेला आदेश, नवऱ्याकडे नांदावयास जा अन्यथा सहा महिने तुरुंगात जा, हा लोकांच्या स्मरणात होता. मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला आणि हिंदू विवाह कायदा १९५५ साली. जाता जाता एक नोंद: ज्या बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला त्याच संस्थानात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, म्हणजे सिंधूच्या रंगमंचावरील पहिल्या मरणानंतर अवघ्या बारा वर्षांनी.

याचा अर्थ असा, की सिंधूचे परावलंबन हे आधी कायद्याचे व अर्थव्यवस्थेचे आहे, मनाचे नंतरचे. माहेर हा तिच्यापुढचा एकमेव मार्ग होता आणि तोही दुसऱ्या पुरुषांच्या कृपेचा. परंतु म्हणून मनाचा भाग नाहीसा होत नाही. बाहेर जाण्याचे दार नाही अशा घरात माणूस त्या घरालाच निवड मानू लागते, कारण त्याशिवाय स्वतःविषयीचा आदर टिकविता येत नाही. 'मला जाता येत नाही' हे वाक्य रोज उच्चारून जगणे अशक्य असते. 'मला जायचे नाही' हे उच्चारून जगता येते. सिंधूचे पातिव्रत्य ज्या तेजाने तळपते ते तेज या एका वाक्याच्या बदलातून आलेले आहे. तिला संपूर्णपणे बळी ठरविणारी समीक्षा या बदलातील मानवी कर्तृत्व पाहत नाही, आणि तिला देवी ठरविणारी समीक्षा त्याची गरज का पडली हे विचारत नाही.

हा केवळ नाट्यसमीक्षेचा प्रश्न राहिलेला नाही. जळालेल्या विवाहितेने रुग्णालयात 'स्टोव्हचा भडका उडाला' अशी जबानी द्यावी आणि प्रकरण अपघात म्हणून मिटावे, हा अनुभव या देशातील डॉक्टरांना, पोलिसांना आणि स्त्री-संघटनांना इतका परिचित होता की १९८० नंतरच्या कायदाबदलांमागे त्याचाही वाटा आहे. भारतीय दंड संहितेत १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली ३०४-ब ही कलमे आली; त्यांपैकी दुसऱ्याने विवाहानंतर सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि हुंड्यासाठी छळ असे दोन्ही सिद्ध झाल्यास गुन्हा मानण्याचा मार्ग खुला केला. आज न्याय संहितेतही या तरतुदी आहेत. मरणारी स्त्री खरे सांगेलच असे कायद्याने आता पूर्वीइतके गृहीत धरलेले नाही, असेही यावर म्हणता येईल. त्या जबान्यांमागे भय असते, मुलांची काळजी असते, शेजारी उभ्या असलेल्या सासरच्या माणसांचा धाक असतो. पण कित्येकदा त्यांत सिंधूही असते. जे असत्य आपण रंगभूमीवर डोळे पुशीत ऐकले, ते रुग्णालयात ऐकताना कोणी डोळे पुसत नाही, एवढाच काय तो फरक.

दार उघडे झाल्यावर काय झाले, हे पाहण्यासाठी मराठी नाटकातच पुढे जाता येते. अत्र्यांच्या 'घराबाहेर'मधील निर्मला १९३४ साली घराबाहेर पडते, आणि त्या पडण्याचे कौतुक पुष्कळ झालेले आहे. सिंधूच्या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण तेंडुलकरांच्या १९८३ मधील 'कन्यादान'चे आहे. या नाटकाने दलित पुरुषाचे जे चित्र रंगविले त्यावर झालेला तीव्र आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९९३ साली त्याला सरस्वती सन्मान मिळाल्याने तो आक्षेप निकालात निघत नाही. येथे प्रश्न ज्योतीचा आहे. ती सुशिक्षित आहे, समाजवादी आमदाराची मुलगी आहे, कायदा तिच्या बाजूचा आहे, माहेरचे दार सताड उघडे आहे. दारू पिऊन मारहाण करणाऱ्या अरुण आठवलेकडे ती तरीही परत जाते. सिंधूच्या बाबतीत 'दारच नव्हते' हे उत्तर पुरले होते. ज्योतीच्या बाबतीत ते पुरत नाही. तिला तेथे धरून ठेवणारी गोष्ट पातिव्रत्य नसून वडिलांनी शिकविलेली तत्त्वनिष्ठा आहे: माणूस बदलू शकतो, लढाई सोडून पळायचे नसते. सुधाकरावरील सिंधूच्या श्रद्धेचे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रूप आहे, देवाच्या जागी विचार आलेला एवढेच.

आणि खोटे बोलण्याची पाळी या नाटकात बापावर येते. नाथ देवळालीकरांना जावयाचे आत्मचरित्र पटलेले नाही, त्या माणसाविषयी त्यांच्या मनात संताप आहे. पण मुलगी गरोदर आहे, आपण भाषण नाकारले तर तिला मार बसेल, म्हणून ते समारंभात उभे राहून पुस्तकाची स्तुती करतात. सिंधूने नवऱ्याला वाचविण्यासाठी जे केले तेच नाथ मुलीला वाचविण्यासाठी करतात, आणि त्यासाठीही तितक्याच अधिकृत व्यासपीठाची गरज लागते. 'एकच प्याला'त सिंधूच्या शब्दांपुढे सारे नतमस्तक होतात. 'कन्यादान'मध्ये ज्योती घरी येऊन बापाला ते भाषण खोटे होते असे तोंडावर सांगते, ज्याच्यासाठी ते खोटे बोलले गेले त्या माणसाकडे परत जाते, आणि बापाला आपल्या घरी येण्याची मनाई करते.